काच नव्हे, पारा

माझी मामी दिवसा आरसे बनवते आणि संध्याकाळी ऑनलाइन खेळते. दोन्ही विषयांवर ती सारख्याच ठामपणे बोलते, त्यामुळे तिच्या आयुष्याविषयी काही नोंदवायचे झाले तर दुसरा साक्षीदार गाठावा लागतो. हा साक्षीदार बहुधा मामा असतो. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच दिवशी आपण काच कापली, असे मामी सांगते. मामाच्या म्हणण्यानुसार पहिल्या दिवशी तिने काच फोडली. कापायला ती पुष्कळ पुढे शिकली. दोघांनाही आठवते ती एकच काच, खिडकीच्या तावदानाएवढी, कोपऱ्यावर बुडबुडा असलेली.

"फोडायला तरी हातात घेतलीच होती ना?" मामी म्हणते, आणि वाद तिच्या बाजूने मिटतो.

पन्नाशी ओलांडलेल्या या बाईच्या बोलण्यात 'बहुतेक' हा शब्द मी अद्याप ऐकलेला नाही. आरशाच्या कडा घासणे, भोके पाडणे आणि चौकटी बसवणे ही तिची कामे. मोजमाप, कापणी आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणे ही मामाची. गोड बोलण्याचे खाते आपल्याकडे का नाही, हे मामी स्वतःच सांगते: "ह्यांना खोटं बोलताना हसू येत नाही. मला येतं."

पुढे जे घडले ते समजण्यासाठी घराची रचना सांगणे भाग आहे. रस्त्याच्या बाजूची खोली म्हणजे कारखाना. तिच्यात एक लांब टेबल, घासायचे यंत्र आणि वरच्या फळीवर इंटरनेटचा राउटर. तो तिथे असण्याचे कारण एवढेच, की ऑर्डरी आणि चौकटींचे फोटो तिथूनच येतात-जातात. कारखान्याच्या आतल्या भिंतीला टेकून एक लाकडी सांगाडा उभा आहे. तयार आरसे त्यावर तिरके रचून ठेवतात. घरात त्याला 'घोडी' म्हणतात. त्या भिंतीच्या पलीकडे मधली खोली, आणि त्या खोलीत मामीचा संगणक. मागच्या बाजूला पत्र्याची पडवी आहे, पण ती दमट. तिथे आरसा फार काळ राहिला तर कडेने काळा पडू लागतो.

कारखान्याचे दोन अलिखित संकेत आहेत. पहिला भाषेचा. घरात कुणीही 'आरसा' म्हणत नाही. "काच आली", "काच गेली", "काच घोडीवर चढव". आरशाच्या पाठीवरच्या लेपाला मात्र ते 'पारा' म्हणतात. मी चौकशी केली तेव्हा कळले, की पारा लावण्याची पद्धत मामाच्या आजोबांच्याही आधी संपली. आता चांदीचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावर रंग. पदार्थ बदलला, शब्द राहिला. दुसरा संकेत शिस्तीचा: तयार आरशात पहिला चेहरा गिऱ्हाइकाचा पडला पाहिजे. घरची माणसे कारागीर म्हणून त्यातून वगळलेली आहेत, पण कुणी परका कारखान्यात येणार असेल, तर त्याआधी घोडीवरचे सगळे आरसे मागच्या पडवीत हलवले जातात आणि तो गेला की परत आणले जातात. या रिवाजाचा उगम मामाला सांगता आला नाही. "बाबा करायचे," तो म्हणाला. त्याच्या बाबांनीही कदाचित हेच उत्तर दिले असते.

आता खेळ. त्यात पाच जणांचा एक संघ असतो, मध्ये एक पूल, आणि पलीकडे दुसरे पाच. पूल ओलांडून समोरच्यांचा दिवा विझवायचा. मामी संघाची ढालकरीण. पलीकडून भाला सुटला, की नेमक्या क्षणी तिने ढाल उचलायची. ती लवकर उचलली तर हात भरून येतो, उशिरा उचलली तर मागचे चौघे उघडे पडतात. हा खेळ तिच्या संगणकावर तिच्या माहेरच्या एका भाचीने घालून दिला, आणि भाची स्वतः कंटाळून निघून गेली तरी मामी तिथेच राहिली. संघात तिने घेतलेले नाव 'पारा'. कप्तान ही दुसऱ्या गावातली दंतवैद्याकडे काम करणारी मुलगी. तिचा चेहरा मामीने कधी पाहिलेला नाही, पण आवाजावरून ती जेवून आली आहे की उपाशी आहे, हे ओळखता येते असा मामीचा दावा आहे. हा दावा मी तपासलेला नाही.

मामीच्या खेळाविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती तिच्या असण्याविषयी. काही संध्याकाळी ती बिनचूक खेळे. इतर संध्याकाळी तिची ढाल उचलली जाई ती भाला लागून गेल्यावर, आणि मधूनच तिची आकृती पुलावर पुतळ्यासारखी थिजून उभी राही.

"मावशी, ढाल कुठाय?" कानातल्या यंत्रातून कप्तान विचारी.

"उचलली होती."

"कधी? मागच्या आठवड्यात?"

"नेट अडकलं गं."

"रोज तुमचंच कसं अडकतं? नाचता येईना, अंगण वाकडं."

हा टोमणा मामीला झोंबला. तिचा पारा चढला हे मी येथे विनोदासाठी लिहीत नाही. ती खरोखरच कानातले यंत्र काढून ठेवून कडा घासायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी कप्तानाचा निरोप आला. लीग, म्हणजे संघांची मोठी स्पर्धा, सुरू होण्याआधीच्या रविवारी दुपारी चाचणीचा सामना होता. त्यात ढाल पुन्हा उशिरा उठली, तर ढालकरीण म्हणून राखीव खेळाडू येणार. राखीव खेळाडूचे नाव 'जिराफ'.

"काढलं तर काढलं," मामा म्हणाला. "खेळच तो."

"मला काढायला हरकत नाही," मामी म्हणाली. "मी खराब खेळले म्हणून काढू दे. फळीवरचा एक डबा लुकलुकतो म्हणून मी नाही जाणार."

खेळाडूला स्वतःच्या चुकांचा हक्क असतो, असे काहीसे तिला म्हणायचे होते. तिची ही मागणी मला रास्त वाटली. तिने सांगितलेले कारण खरे आहे की नाही, हा प्रश्न मात्र उरत होता. वाकडे अंगणही असू शकते आणि न येणारा नाचही; आणि ठाम बोलणे हा पुरावा नव्हे.

पहिला उपाय मामाने केला. त्याने नेटवाल्याला फोन लावून मोठी लाइन मागवली. नेटवाला म्हणजे गळ्यात वायरीचे वेटोळे घालून फिरणारा, सतत कुणाला तरी "पोचलोच" असे सांगणारा हसतमुख माणूस. तो येणार म्हणून सकाळी घोडी रिकामी झाली. त्याने लाइन वाढवली, कारखान्यात तपासली, मधल्या खोलीतही तपासली. सगळे झकास. मामीने त्याच्यासमोरच एक डाव खेळून पाहिला. ढाल लोण्यात सुरी जावी तशी उठत होती. तो गेला, आरसे परत आले, आणि संध्याकाळी पुन्हा पुतळा.

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," मामी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला त्याने राउटरच बदलला. घोडी पुन्हा रिकामी, तपासणी पुन्हा उत्तम, संध्याकाळ पुन्हा तीच. त्याला फोन केला तेव्हा तो चक्रावला.

"दादा, मधे लोखंडी कपाट, फ्रिज, पत्रा असं काही आहे का?"

"नाही हो," मामा म्हणाला. "भिंत आहे. आणि काच."

"काचेचं काही नसतं. काचेतून आरपार जातं."

"मग?"

"मग काय सांगू? तुमचं नेट मला घाबरतं. मी आलो की सरळ चालतं."

"ह्यांना इथेच खोली द्या राहायला," मागून मामी म्हणाली.

या संभाषणात कुणीही खोटे बोललेले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. नेटवाल्याने योग्य प्रश्न विचारला आणि मामाने घरच्या भाषेत प्रामाणिक उत्तर दिले. चुकीची माहिती एका शब्दात दडून बसली होती, आणि तो शब्द त्या घरात इतका वापरलेला होता की कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हता.

त्याच आठवड्यात एका नृत्यशाळेची ऑर्डर तयार होत होती. शाळेची एक अख्खी भिंत आरशांनी मढवायची होती. घोडी काठोकाठ भरली, आणि मामीचा खेळ पार रसातळाला गेला. ही दुसरी घटना पहिलीशी कुणी जोडली नाही. एका संध्याकाळी सरावाचा डाव ऐन रंगात असताना, म्हणजे मामीच्या बाजूने अडखळत असताना, कारखान्यातून हाक आली.

"अगं, जरा हात लाव. वरच्या कडा बघायच्यात. सगळी काच उतरवायला लागेल."

"डाव चाललाय."

"काच माझ्या डोक्यावर पडली की मग येशील?"

ती गेली. दोघांनी एकेक आरसा घोडीवरून उतरवून लांब टेबलापाशी, बाजूच्या भिंतीला टेकवला. परत येऊन तिने पाहिले तर पुलावर सगळे सुरळीत धावत होते. ढाल उचलली, उठली. भाला आला, अडला.

"मावशी, आज औषध घेतलं वाटतं," कप्तान म्हणाली.

 मामी उठून पुन्हा कारखान्यात आली आणि रिकाम्या घोडीसमोर उभी राहिली. त्या दिवसांत मी त्यांच्याकडेच मुक्कामाला होते आणि त्या वेळी टेबलाच्या टोकाला बसले होते, त्यामुळे पुढचे बोलणे मी स्वतः ऐकलेले आहे.

"काच आरपार जाऊ देते," ती म्हणाली.

"हो," मामा म्हणाला.

"आणि आरसा काय करतो?"

"काय करतो म्हणजे? दिसतं त्यात."

"येईल ते परत पाठवतो. म्हणून तर दिसतं. आपण पन्नास वेळा काच-काच म्हणतो, पण अडवतो तो मागचा पारा. धातू आहे तो. नेटवाल्यानं पत्रा विचारला होता ना? ही घ्या पत्र्याची भिंत, आपणच उभी केलेली."

मामाने घोडीकडे पाहिले, मग फळीवरच्या राउटरकडे. "आणि तो आला की आपण…"

"काढून ठेवतो. त्याला आजारी माणूस कधी दिसलाच नाही. दर वेळी आंघोळ घालून, भांग पाडून पुढे केला आपण."

एका संध्याकाळच्या योगायोगावर विश्वास ठेवायला मी तयार नव्हते, आणि तसे म्हणालेही. मामीला राग आला नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला होता, मला पटवणे हे केवळ उरलेले किरकोळ काम होते. ठरले असे: ती दार लावून मधल्या खोलीत खेळेल, मामा आणि मी आवाज न करता आरसे कधी चढवू, कधी नुसतेच चढवल्यासारखे करू, आणि घोडी भरलेली आहे की रिकामी, हे तिने खेळावरून आतून ओरडून सांगायचे.

"भरली," आतून आवाज आला. भरलेली होती.

"रिकामी." होती.

"रिकामी. आणि उगाच पाय आपटू नका." हेही बरोबर होते.

"अर्धी." ही शक्यता आम्ही ठरवलीच नव्हती, पण दमून मामाने खरोखर अर्धेच आरसे चढवले होते.

"पटलं का गं तुला?" मामा कपाळ पुसत म्हणाला. "का माझी कंबर गेल्यावर पटणार आहे?"

पटले. मात्र कारण कळणे आणि उपाय सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसे पडवीत ठेवावेत तर दमटपणाने नृत्यशाळेचा माल खराब होणार. घोडी दुसऱ्या भिंतीला न्यावी तर घासायच्या यंत्राची वाट अडते. राउटर मधल्या खोलीत आणावा तर कारखाना आंधळा होतो. रविवार जवळ येत होता आणि मालाची गाडी येणार होती त्याच्यानंतर. म्हणजे चाचणीच्या दिवशी घोडी भरलेलीच असणार होती.

नेटवाल्याला तिसऱ्यांदा बोलावले. तो यायच्या आधी मामा सवयीने पहिला आरसा उचलायला वाकला.

"राहू दे," मामी म्हणाली. "या वेळी हलवायचं नाही. आजारी आहे तसाच दाखवायचा."

"अगं, परका माणूस. पहिला चेहरा त्याचा पडेल."

"त्याचा काय वाईट आहे? हसरा आहे."

"थट्टा नको. बाबांनी कधी मोडलं नाही ते मी मोडणार नाही."

 सासऱ्यांच्या रिवाजावर मामीचा विश्वास होता की नाही, हे मी तिला नंतर विचारले; तिने उत्तर टाळले, जे तिच्या बाबतीत दुर्मीळ आहे. त्या वेळी मात्र ती आत गेली आणि दोन जुन्या चादरी घेऊन आली.

"तोंड झाका. पारा पाठीला आहे, तो चादरीखालीही अडवतोच. तुमचं राहील आणि माझंही होईल."

नेटवाला आला आणि चादरी पांघरलेली घोडी पाहून दारातच थबकला. "कोण झोपलंय?"

"तुमचा रोगी," मामी म्हणाली. "आत जाऊन नाडी बघा."

त्याने मधल्या खोलीत आपले यंत्र धरले आणि त्याचे हसू पहिल्यांदाच मावळले. मग तो कारखान्यात आला, चादरीचे एक टोक मागून उचलून आरशाची रंगवलेली पाठ पाहिली, आणि पुन्हा हसू लागला.

"दादा, ही काच?"

"काचच म्हणतो आम्ही."

"मी तुमच्याकडं कपाट शोधत होतो हो. तुम्ही तर आख्खी वखार लावलीय."

मोठ्या लाइनने काहीच का सुधारले नाही, हेही त्याने त्या दिवशी समजावले. "मोठी लाइन म्हणजे मोठा हंडा. सिनेमा बघायला उपयोग. ताईंना हंडा नकोय, वाटीभरच पाणी पाहिजे, पण मागितलं की लगेच. ती वाटी आरशांना वळसा घालून येतेय. कधी सांडते, मग परत भरून आणायची." उपाय त्याच्या मते एकच: हवेतून पाठवायचेच नाही. राउटरपासून संगणकापर्यंत सरळ वायर.

"भिंतीला ड्रिल लावलं तर घोडीवरची काच थरथरेल," मामा म्हणाला.

"भिंतीला नाहीच लावायचं. दाराच्या चौकटीतून, वरच्या कोपऱ्यातून." मामीने स्टूल ओढले. "लाकूड आहे. आणि भोक मी पाडणार. काचेला पाडते, लाकडाचं काय घेऊन बसलात?"

तिने भोक पाडले, नेटवाल्याने वायर ओवली, आणि वळणावर ती दुमडू नये म्हणून दोघांनी मिळून छताच्या कडेने ती चिकटपट्ट्यांनी बसवली. जाता जाता त्याने राउटरमध्ये एक जास्तीची व्यवस्था केली: मामा चौकटींचे मोठमोठे फोटो गिऱ्हाइकांना पाठवत असला, तरी रांगेत मामीच्या खेळाला पुढे सोडायचे. "नाहीतर वायर असूनही दादांचे फोटो दारात आडवे पडतील," तो म्हणाला. मामाने हे स्वतःविषयीचे विधान म्हणून घेतले आणि थोडा वेळ तो रुसून होता.

रविवारी दुपारी कारखाना बंद होता. घोडी काठोकाठ भरलेली, चादरीखाली. मामा स्टूल घेऊन मामीच्या मागे बसला, आणि खेळातले काहीही कळत नसताना प्रत्येक भाल्याला मान मागे घेऊ लागला.

"मावशी, आज काय कारण तयार ठेवलंय?" कप्तानाने सुरुवातीलाच विचारले.

"आज कारण नाही."

तीन डावांचा सामना सुरू झाला. भाले येत होते आणि ढाल उठत होती; मागचे चौघे तिच्या आडोशाने पुलाच्या मध्यापर्यंत पोहोचले. कप्तानाचे टोमणे विरळ होत गेले आणि त्यांची जागा आज्ञांनी घेतली: डावीकडे, थांब, आता. एका माणसाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत वेळेत पोहोचू लागले की त्यातली थट्टा कमी होते, एवढे माझे निरीक्षण.

मग पलीकडच्या एका खेळाडूने डावीकडून हात उगारला आणि भाला सोडलाच नाही. मामीने ढाल उचलली. हात भरून आला, ढाल खाली गेली, आणि त्याच क्षणी त्याने भाला फेकला. मामी पुलावरून थेट पाण्यात. मागचे दोघे तिच्यापाठोपाठ. पहिला डाव हातचा गेला.

 मामाने वर चौकटीतल्या वायरीकडे पाहिले.

"नेट?" कप्तानाने विचारले. आवाज कोरडा होता.

"नेट उत्तम आहे," मामी म्हणाली. "मी फसले. त्यानं हुलकावणी दिली आणि मी लहान पोरासारखी ढाल वर केली. चूक माझी."

"नक्की?"

"शंभर टक्के माझी. हवी तर लिहून देते."

पलीकडे कुणीतरी हसले. तो जिराफ असावा, असे मामीचे मत. दुसरा डाव सुरू झाला. त्याच खेळाडूने पुन्हा डावीकडून हात उगारला, आणि मामीने ढाल खालीच ठेवली. तो थांबला. ती थांबली. मागून कप्तान "उचल, उचल" म्हणत असताना तिने भाला खरोखर सुटेपर्यंत वाट पाहिली आणि मग ढाल उचलली. भाला आपटून पाण्यात पडला. तिच्या खांद्यावरून कप्तान पुढे धावली, आणि थोड्याच वेळात पलीकडचा दिवा विझला. तिसरा डाव संघ हरला, तोही थोडक्यात, आणि त्यात ढालकरणीचा दोष कुणी काढला नाही.

"ऐका," कप्तान म्हणाली. "लीगला ढाल मावशींकडेच. जिराफ, तू राखीव, पण सरावाला रोज यायचं."

"पण आपण हरलो," जिराफ म्हणाला.

"हरलो. पण का हरलो ते मला कळलं. आतापर्यंत तेच कळत नव्हतं."

मामाने समाधानाने गुडघ्यांवर हात टेकले आणि तो उठू लागला. मामीने त्याला हाताने खाली बसवले.

"कप्तान," ती म्हणाली, "त्या पाच जणांना विचार, अजून थांबणारेत का. तो डावीकडून येणारा मला आणखी एकदा बघायचाय."